काळा खडक, पांढरी वाफ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ज्वालामुखींच्या राष्ट्रीय उद्यानांत पायी भटकणाऱ्या आणि तिथे फोटो काढणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रं हवाईच्या मोठ्या बेटावरच्या ‘हवाई व्होल्केनोज नॅशनल पार्क’बद्दलची आहेत. एक न्यूझीलंडचं आहे, एक थेट बोरिवलीचं.

प्रश्न : किलाउएआ इकी विवराच्या तळावरून चालत गेलो. डोळ्यांना खडक डांबरासारखा काळा दिसत होता, फोटोत मात्र सिमेंटच्या पत्र्यासारखा आलाय. वर आकाश पांढरंफटक. कॅमेरा चांगल्यापैकी आहे, मग चुकलं कुठे? (पुणे)

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर काय आहे हे कळत नाही. जे दिसेल त्याची सरासरी काढून ती मधल्या राखाडीवर आणून बसवायची, एवढंच त्याला येतं. चौकटीत तीन-चतुर्थांश काळा लाव्हा असला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो एक्स्पोजर वाढवतो. त्या वाढीव एक्स्पोजरमध्ये काळा खडक राखाडी होतो आणि मुळातच उजळ असलेलं आकाश जळून जातं.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) वजा दोन-तृतीयांशवर ठेवून सुरुवात करा. नुसता खडकच असेल, आकाश जवळजवळ नसेल, तर वजा एक ते वजा सव्वापर्यंत जा. पडद्यावरच्या चित्रावर भरवसा ठेवू नका, भर उन्हात तो फसवतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधारं किती आणि उजळ किती हे दाखवणारा आलेख, उघडा. खडकाचा उंचवटा डावीकडच्या पहिल्या तिसऱ्या भागात बसायला हवा, पण डाव्या भिंतीला चिकटलेला नको. चिकटला तर खडकाच्या घड्यांमधला तपशील गेला, आणि तो नंतर संगणकावर ओढूनही धड परत येत नाही. रॉ फाइल घ्या. शंका असेल तिथे एकेका स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घेऊन ठेवा.

इथवर बरेच जण येतात आणि पुढे अडकतात. वजा एक लावलं की दिवसभर तेच राहतं. किलाउएआ इकीच्या तळावर भेगांतून वाफ येते. ती अर्ध्या चौकटीत पसरली की सगळा हिशेब उलटा होतो, कारण आता पांढऱ्याला राखाडी करायचा मीटरचा प्रयत्न चालू असतो. तिथे अधिक दोन-तृतीयांश लागतं. वजा एकवर काढलेली वाफ चुलीच्या धुरासारखी मळकट दिसते. खडकाकडून वाफेकडे कॅमेरा वळला की अंगठाही डायलवर वळला पाहिजे.

आता उजेडाचं. हा भाग १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे जवळपास मुंबई-पालघरच्या रेषेत. सूर्याची चाल आपल्या ओळखीची आहे. मे महिन्यात आणि जुलैच्या उत्तरार्धात शून्य सावलीचे दिवस तिथेही येतात. उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य डोक्यावर असला की दोरखंडासारख्या वळ्यांना सावलीच उरत नाही, आणि सावली नसेल तर काळ्यावर काळं काय दिसणार? म्हणून तिथे सकाळी लवकर उतरा.

हा फेरा साधारण ५.३ किलोमीटरचा आहे, उतार-चढ सुमारे १२० मीटर, आणि दोन-तीन तास लागतात. उद्यानाची शिफारस घड्याळाच्या उलट दिशेने फिरायची आहे, आणि फोटोसाठीही तीच दिशा सोयीची. तशी फेरी केली की तळ पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडला जातो, म्हणजे सकाळचा सूर्य समोर आणि खाली असतो. विवराच्या भिंतींमुळे तळावर ऊन पोहोचायला सूर्योदयानंतर अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा वेळ वरच्या जंगलातल्या वाटेवर जातोच. समोरून तिरपं ऊन आलं की प्रत्येक वळीची कड चमकते आणि तिच्यामागे बारीक सावलीची रेघ पडते. वाफही मागून उजळते. पाठीमागे पुउ पुआई हा राखेचा डोंगर असतो. त्याच्यावर त्या वेळी सपाट ऊन पडलेलं असतं, पण तांबूस रंग छान येतो.

तळावर गुडघे टेकून खडक जवळून बघा. १९५९ साली इथे लाव्ह्याची कारंजी ५८० मीटरपर्यंत उडाली होती आणि विवरात लाव्ह्याचं तळंच साचलं होतं. आपण त्याच्या थिजलेल्या सायीवरून चालतो. या गुळगुळीत, वळ्या पडलेल्या लाव्ह्याला पाहोएहोए म्हणतात. त्याच्यावर काचेसारखा पातळ पापुद्रा असतो. कुठे तो उचकटून निघालेला, कुठे त्याखाली मधाच्या पोळ्यासारखी भोकं. पोलरायझर (चकाकी कापणारा फिरता फिल्टर) पूर्ण फिरवला तर या पापुद्र्याची चमकच मरते आणि दगड मातीसारखा दिसतो. अर्धा फिरवा, किंवा काढून ठेवा. पाऊस पडून गेल्यावर मात्र तो उपयोगी पडतो, कारण ओल्या खडकावर अख्खं आकाश पांढरं चकाकत असतं. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, हे शटर ठरवताना धरा.

जवळची वळी आणि दूरची भिंत दोन्ही स्पष्ट हवी असेल, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीला एफ/८ ठेवून २.४ मीटरवर फोकस करा. १.२ मीटरपासून पुढचं सगळं धारदार येतं. १६ मिमीला हेच अंतर एक मीटरच्या थोडं पुढे.

प्रश्न : किलाउएआच्या माथ्यावरच्या हालेमाउमाउ विवरातलं लाव्ह्याचं कारंजं टिपायचं आहे. कोणती लेन्स, कोणती सेटिंग्ज, आणि कधी जावं? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

‘कधी’चं आधी बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेला उद्रेक २०२५ भर तुकड्यातुकड्याने चालला. बहुतेक वेळा काही तास ते दिवसभर कारंजं, मग काही दिवस ते दोन-तीन आठवडे शांतता. विमानाची तिकिटं आधी काढून ‘त्या दिवशी कारंजं असेल ना?’ विचारण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणाची हवाईतली वेधशाळा रोज निवेदन काढते. जमीन किती फुगली हे टिल्टमीटरने मोजून पुढच्या टप्प्याचा अंदाजही देते, आणि तिचे थेट कॅमेरे चालू असतात. बेटावर निदान पाच-सहा दिवस हाताशी ठेवा आणि निवेदन बघून बाकीचे बेत त्याभोवती फिरवा. उद्यान दिवसरात्र उघडं असतं, त्यामुळे पहाटे तीनला कारंजं सुरू झालं तर पहाटे तीनला निघता येतं. आमच्या मते तीच वेळ उत्तम, पार्किंगही मिळतं. निघण्यापूर्वी कोणता कठडा बंद आहे ते उद्यानाच्या पानावर बघून घ्या.

लेन्ससाठी अंदाज बांधायला नको, हिशेब करता येतो. लेन्सची मिमी गुणिले कारंज्याची उंची भागिले अंतर, की सेन्सरवरची उंची मिळते. उएकाहुनाचा कठडा विवरमुखांपासून (जिथून लाव्हा उसळतो) दीड-पावणेदोन किलोमीटरवर आहे, केआनाकाकोईचा साधारण दोनवर, आणि उत्तर-पूर्वेच्या हॉटेलजवळचा कठडा चारच्या आसपास. काही टप्प्यांत कारंजं ३०० मीटरच्या वर गेलं होतं. दोन किलोमीटरवरून २०० मिमीने ते सेन्सरवर ३० मिमी उंच येतं. उभ्या धरलेल्या फुल-फ्रेमची उंची ३६ मिमी, म्हणजे चौकट जवळपास भरली. चार किलोमीटरवरून त्याच फोटोला ४०० मिमी लागेल. म्हणून ७०-२०० किंवा १००-४०० घ्या, आणि केआनाकाकोईपर्यंत मैलभर चालायची तयारी ठेवा. डेव्हास्टेशन वाटेच्या पार्किंगपासून सपाट डांबरी रस्ता आहे.

सेटिंग्ज हाताने करा. रात्री ऑटोवर ठेवलं तर भोवतालच्या अंधाराला बघून कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि कारंजं पिवळट-पांढरा डाग होऊन बसतं. आयएसओ ४००, एफ/५.६, शटर १/५०० पासून सुरुवात करा. मग तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम बघा. लाव्ह्यात लाल रंग सगळ्यात आधी जळतो. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असताना लाल केव्हाच उजव्या भिंतीला आपटलेला असतो. लाल आत येईपर्यंत शटर वाढवत न्या, १/१००० लागलं तरी चालेल. वेगळे थेंब आणि उडणारे गोळे गोठवायचे तर १/५०० च्या वर जा. आगीच्या रेघा हव्या असतील तर आयएसओ १०० आणि एफ/११ ते एफ/१६ करून १/३० ते १/१५ सेकंदाच्या आसपास या, अर्थात ट्रायपॉडवर. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर बांधून ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्सला केशरी रंग हा दोष वाटतो आणि तो धुऊन टाकतो.

सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं सोन्याची. आकाश गडद निळं आणि लाव्हा दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात, विवराच्या भिंतीही दिसतात. आपल्यासारखाच तिथलाही संधिप्रकाश आखूड असतो. ट्रायपॉड त्याआधी उभा असला पाहिजे.

टेलीलेन्सचे फोटो पाण्यातून काढल्यासारखे हलले तर लेन्स बदलायला धावू नका. मधली दोन किलोमीटर हवा तापून थरथरत असते. तिच्यावर कुठल्याही किमतीची लेन्स उपाय नाही. पहाटेच्या थंड हवेत थरथर कमी होते. शटर जलद ठेवून वीस-तीस फोटो सलग घ्या, त्यातले दोन-तीन स्पष्ट निघतात.

आकाशगंगा आणि विवराचा लाल उजेड एकत्र हवा असेल तर कारंज्याच्या नव्हे, शांततेच्या दिवसांत जा. कारंजं चालू असताना त्याच्या उजेडात तारे बुडतात. उएकाहुनाहून विवरमुखं दक्षिणेला येतात, आणि आकाशगंगेचं केंद्रही दक्षिणेलाच सर्वांत उंच चढतं, क्षितिजापासून सुमारे ४२ अंश. जूनच्या मध्यात रात्री साडेबाराच्या सुमारास, ऑगस्टच्या मध्यात साडेआठलाच. अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. २० मिमी, एफ/२.८, आयएसओ ३२००, १५ सेकंद ताऱ्यांसाठी. त्याच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता, दोन-तीन सेकंदांचा एक फोटो विवरासाठी. दोन्ही नंतर जोडा. एकाच फोटोत दोन्ही साधायला गेलात तर विवर जळतं.

प्रश्न : कठड्यावर उभा असताना लेन्सवर काहीतरी भुरभुरलं. शर्टाच्या टोकाने पुसलं. आता काचेवर बारीक चरे आहेत आणि शिवाय एक चिकट पांढुरका थर आहे. लेन्स गेली का? (नाशिक)

भुरभुरलं ते बहुधा ‘पेलेचे केस’. पेले ही हवाईची अग्निदेवी. लाव्हा हवेत ताणला जाऊन त्याचे केसापेक्षा बारीक, सोनेरी तंतू होतात आणि वाऱ्यावर काही किलोमीटर जातात. दिसायला कापसाच्या म्हातारीसारखे, पण ती काच आहे. शर्टाने पुसलं म्हणजे काचेवर काच घासली.

पुढच्या वेळी असं करा. लेन्स जमिनीकडे तोंड करून धरा आणि रबरी ब्लोअरने आठ-दहा वेळा फुंका. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग मऊ ब्रश, न दाबता. काही उरलं नाही याची टॉर्च तिरपी धरून खात्री करा. त्यानंतरच मायक्रोफायबर, तोही डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला. पाणी कापडावर घ्यायचं, लेन्सवर थेंब टाकायचा नाही, नाहीतर ते कडेच्या रिंगमधून आत उतरतं. मधून बाहेर गोल फिरवा, प्रत्येक फेरीला कापडाची नवी घडी घ्या. वापरलेली घडी त्या दिवसापुरती बाद.

तो चिकट थर वाफेचा आहे. भेगांतल्या वाफेत पाणी असतंच, शिवाय गंधकाचे आम्लधर्मी वायूही असतात. थेंब सुकले की मागे हे राहतं. नुसतं अल्कोहोलचं लेन्स क्लीनर लावलं तर थर विरघळत नाही, पसरतो. आधी दोन वेळा डिस्टिल्ड वॉटर, मग क्लीनर. आणि हे त्याच रात्री, मुक्कामावर पोहोचल्याबरोबर. ट्रायपॉडचे सांधे आणि बॅगेच्या चेनही ओल्या फडक्याने पुसा. धातूच्या चेन पुढच्या सहलीला उघडत नाहीत तेव्हा त्याचं कारण आठवत नसतं.

तुमच्या लेन्सबद्दल : चरे पुढच्या काचेवरच असतील तर एफ/४-५.६ ला फोटोत दिसण्याची शक्यता कमी. अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात टॉर्च लावून तिच्या रोखाने फोटो काढा. उजेडाभोवती धुरकट पट्टा आला तर सूर्य किंवा लाव्हा समोर ठेवून काढलेले फोटो बिघडतील, बाकीचे नाही. पुढच्या खेपेला दिवसा साधा यूव्ही फिल्टर लावून जा, चरे पडले तर तोच बदलायचा. रात्री मात्र काढून ठेवा. फिल्टर आणि सेन्सर यांच्यात उजेड उलटसुलट होऊन कारंज्याची फिकट, उलटी आवृत्ती चौकटीच्या समोरच्या बाजूला उमटते, आणि लोक तिला दुसरं कारंजं समजतात.

एरवी तिथला वारा ईशान्येचा असतो आणि राख, तंतू नैऋत्येला जातात. वारा दक्षिणेचा झाला की तेच कठड्यांवर आणि रस्त्यावर पडतं. अशा वेळी लेन्स बदलायची ती गाडीत बसून, काचा लावून. आणि गाडीच्या काचेवर साठलेल्या राखेवर कोरडे वायपर फिरवू नका, आधी बाटलीभर पाणी ओता. भाड्याच्या गाडीचा भुर्दंड लेन्सपेक्षा मोठा होऊ शकतो.

प्रश्न : टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग या न्यूझीलंडमधल्या पायवाटेवर पाचूच्या रंगाची तळी पाहिली. सकाळचा उजेड चांगला म्हणून पहाटे निघालो, पण फोटोत तळी चंदेरी आली, हिरवा रंगच नाही. (ऑकलंड)

इथे नियम उलटा आहे. खडकाला तिरपं ऊन लागतं, पाण्याच्या रंगाला उंचावरचं. ही तळी रेड क्रेटर या विवराच्या ईशान्येला, खालच्या अंगाला आहेत. सकाळी सूर्यही त्याच बाजूला, खाली असतो, त्यामुळे पाण्यावर पडलेलं ऊन थेट तुमच्याकडे उसळतं. पाण्यात विरघळलेल्या खनिजांचा रंग त्या चकाकीखाली झाकला जातो. उन्हाळी वेळेनुसार तिथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या सव्वाएकच्या सुमारास. अकरा ते दोनच्या मध्ये रेड क्रेटरच्या उतारावर असा, पोलरायझर फिरवून पाण्याची चकाकी जाईल तिथे थांबवा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पुरेसा उंच असतो, एप्रिलनंतर हे तितकं जमत नाही. आपल्याला सवय दक्षिणेकडून येणाऱ्या उन्हाची. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो हे नकाशावर जागा ठरवताना विसरू नका.

रेड क्रेटर १,८८६ मीटरवर आहे आणि तिथून तळ्यांपर्यंतचा उतार सुट्या खडीचा आहे. कॅमेरा गळ्यात लोंबत ठेवून तो उतरू नका. घसरलात की हात आधी कॅमेरा वाचवायला जातो आणि माणूस आपटतो. कॅमेरा बॅगेत घाला, दोन्ही हातांत काठ्या धरा, टाच आधी रोवा. आणि पाण्याला हात लावायचा नाही. माओरी लोकांसाठी ही तळी आणि तिथली शिखरं पवित्र आहेत, शिखरांच्या माथ्यावर चढू नये अशी विनंतीही आहे. देवळाच्या गाभाऱ्यात आपण कसे वागतो ते आठवलं की पुरे.

प्रश्न : ड्रोन नेता येईल का? आणि आठवण म्हणून एखादा छोटा दगड? (मुंबई)

दोन्ही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे. दंड ५,००० डॉलरपर्यंत आणि कैद सहा महिन्यांपर्यंत होऊ शकते. दगड, काळी वाळू, पेलेचे केस, काहीही उचलणं बेकायदा. पेलेचा शाप लागतो या भीतीने नेलेले दगड टपालाने परत पाठवणारेही पुष्कळ आहेत, पण परत आलेला दगड मूळ जागी कोण ठेवणार? तळावरच्या वाटेच्या खुणा म्हणजे दगडांच्या रचलेल्या उतरंडी. फोटोसाठी स्वतःच्या नव्या रचू नका. धुक्यात मागचा माणूस तिच्या मागे जाऊन वाट चुकतो.

प्रश्न : फक्त फोन आहे. फोटो बरे येतील का? (कोल्हापूर)

दिवसा नक्की. खडकावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही बांधले जातात. मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा, खडक डोळ्यांना दिसतो तितका काळा होईपर्यंत. फोनचा एचडीआर सावल्या आपणहून उजळतो आणि खडक पुन्हा राखाडी करतो. नंतर एडिटमध्ये ‘ब्लॅक पॉइंट’ किंवा ‘शॅडोज’ खाली आणा. वाफेसमोर नाइट मोड वापरू नका, तो अनेक फोटो एकत्र करतो आणि हलणाऱ्या वाफेचा कापूस होतो.

नाहुकू या लाव्ह्याच्या बोगद्यात दिवे सकाळी आठ ते रात्री आठ असतात. तिथे फ्लॅश बंद ठेवा, हवेतल्या थेंबांवर आपटून पांढरे ठिपके येतात. ०.५ ची रुंद लेन्स मोह घालते, पण अंधारात तिचे फोटो दाणेदार येतात. मुख्य १ ची लेन्स वापरा, फोन कठड्यावर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. कारंज्याचा फोटो फोनने लांबूनच येणार. त्याला पर्याय म्हणजे कठड्यावरच्या माणसांच्या काळ्या आकृत्या पुढे घेऊन मागे लाल उजेड ठेवणं. तो फोटो बऱ्याचदा मोठ्या लेन्सवाल्याच्या फोटोपेक्षा बोलका निघतो.

प्रश्न : आईला दमा आहे, सोबत येणार आहे. बॅगेत किती वजन ठीक? (ठाणे)

आईंचं आधी. नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा घसा टोचणारा वास आला तर तो सल्फर डायऑक्साइड. हाआकुलामानू या गंधकाच्या पट्ट्यात दमेकरी, हृदयविकार असलेले, गर्भवती आणि लहान मुलं यांनी जाऊ नये, अशी सूचना उद्यान स्वतः देतं. एन-९५ मास्क राखेचे कण अडवतो, वायू अडवत नाही. त्याच्या भरवशावर पुढे जाऊ नका. इनहेलर बॅगेत नको, खिशात हवा. उद्यान हवेची मोजमापं रोज दाखवतं, ती बघून कोणत्या कठड्यावर जायचं ते ठरवा. खाली समुद्राकडे जाणाऱ्या चेन ऑफ क्रेटर्स रस्त्यावर गाडीनेच ३० किलोमीटर जाता येतं. त्या वाटेवर पुउ लोआला २३,००० हून जास्त कोरीव खडकचित्रं आहेत. तिथपर्यंत चालायची वाट ओबडधोबड आहे, आईंना जमेल का ते बघून ठरवा. चित्रांसाठी चारनंतरचं तिरपं ऊन घ्या, दुपारी रेषा दिसतच नाहीत. लाकडी पुलावरूनच काढा. त्या रस्त्यावर एसी गाडीतून बाहेर पडलात की दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं. शेवटच्या दहा मिनिटांत एसी बंद करून काचा उघडा.

वजन : किलाउएआ इकीसाठी कॅमेरा, एक २४-१०५ किंवा तत्सम लेन्स, सव्वा किलोचा ट्रायपॉड, दोन लिटर पाणी, रेनकोट, स्वेटर. पाचेक किलोत बसतं. वाटेवर पाणी मिळत नाही. जागा १,२०० मीटरवर आहे, रात्री थंडी वाजते आणि पाऊस विचारून येत नाही. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. ट्रायपॉडला रबरी पाय लावा, लोखंडी टोकं पाहोएहोएचा पापुद्रा फोडतात. वाऱ्यात मधल्या दांड्याला बॅग लटकवली तर तिचा तळ जमिनीला टेकू द्या, मोकळी झुलली की ट्रायपॉडच हलतो. दुसऱ्या जातीचा लाव्हा, आआ, म्हणजे फोडलेल्या काचेचा ढीग. त्यावर पडलात तर तळहात सोलतात, म्हणून बागकामाचे पातळ हातमोजे घाला.

प्रश्न : पुढच्या वर्षी हवाईला जायचं आहे. तोवर इथे सराव करता येईल का? (बोरिवली)

तुम्ही ज्वालामुखीच्या दगडावरच राहता. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हवाईचा तळावरचा दगड १९५९ चा, एवढाच फरक. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी याच ज्वालामुखी खडकात कोरलेली आहेत. पावसाळ्यात ओला झाला की तो जवळपास हवाईइतकाच काळा दिसतो.

तीन सराव करा. ओल्या पायऱ्यांचा एक फोटो कॉम्पेन्सेशन शून्यावर, एक वजा दोन-तृतीयांशवर, एक वजा सव्वावर, आणि प्रत्येकाचा हिस्टोग्राम बघून ठेवा. त्याच पायऱ्यांवर पोलरायझर दर वेळी आठव्या हिश्श्याने फिरवत चार फोटो घ्या, चमक कुठे मरते ते कळेल. मग तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, आत जाऊन दाराकडे तोंड करून उभे राहा. आत अंधार, बाहेर लख्ख. हाच फरक रात्री लाव्हा आणि विवराच्या भिंतीत असतो. दारातला उजेड न जळता खांब कितपत दिसतात ते हाताने एक्स्पोजर बदलत शोधा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा खांद्याला भिंतीऐवजी स्वतःच्या बॅगेचा आधार द्या, कोरीव कामाला टेकू नका. सोमवारी उद्यान बंद असतं.